ताईच्या रंगाचं मलम

नागभीड ते आष्टी

नागभीडच्या स्टँडवर बस लागेपर्यंत मी पिशवी दोनदा चाचपून पाहिली. जेवणाच्या डब्याखाली ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तीन नळ्या होत्या: फिकट, मध्यम आणि गडद. तिन्हींत उन्हापासून कातडी राखणारं मलम होतं, जस्ताच्या पांढऱ्या भुकटीचं, आणि त्यात रंग कालवलेला. वर्षभर मी याच विषयावर वाचत होते. तरी पिशवी पुन्हा पुन्हा चाचपत होते, कारण आदल्या वर्षी अशाच एका नळीनं मी माझ्या ताईचं नुकसान केलं होतं.

आधी आमच्याबद्दल सांगते. मी फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. बाबा गवंडी आहेत. वंदनाताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, लग्न होऊन आलापल्लीला गेली आणि तिथल्या एका रोपवाटिकेत रोजंदारीनं काम करते. दुसरी मुलगी पोटात असताना तिच्या दोन्ही गालांवर आणि कपाळावर वांग उठले. बाळंतपणानंतर जातात, असं सगळे म्हणाले. गेले नाहीत. ताईनं माझ्याकडे आजवर काही मागितलं नव्हतं. तिनं एवढंच विचारलं, "तू औषधाचं शिकून राह्यली, तं मले याचं काही सांग ना."

मी दुकानात ऊन अडवणाऱ्या मलमांच्या नळ्यांवरचा सगळ्यात मोठा एसपीएफचा आकडा पाहिला आणि ती नळी पाठवून दिली. रोज लाव म्हणाले. सहा महिन्यांत डाग आणखी गडद झाले. ताई रागावली नाही, नुसती त्या विषयावर बोलायची थांबली. तोंडाला ओढणी बांधून राहू लागली. आणि आता रोपवाटिकेनं तिला मुकादम करायचं ठरवलं होतं. त्याआधी चंद्रपूरला आठ दिवसांचं प्रशिक्षण होतं, आणि अर्जाला फोटो हवा होता. ताईनं फोनवर सांगितलं, "मी नाई जात. ओढणी सोडून फोटो कोण काढीन?" अर्ज शुक्रवारपर्यंत द्यायचा होता. आम्ही मंगळवारी निघालो.

आम्ही म्हणजे मी आणि बाबा. मुलीला एकटं पाठवायचं नाही, असं कारण त्यांनी सांगितलं. पण त्यांना तर दोन वर्षांत ताईला भेटता आलं नव्हतं.

मूल मागे पडलं तसा पळस सुरू झाला. मार्च महिना, कापलेल्या धानाच्या बांध्या कोरड्या पडलेल्या आणि त्यांच्या कडेनं पानं नसलेली ती केशरी झाडं. मी उन्हाच्या बाजूची जागा सोडून बाबांना दुसरीकडे सरकायला सांगितलं.

"काच लावली हाये ना," बाबा म्हणाले.

"काचेतून बी येते, बाबा. उन्हात एका जातीचे किरण कातडी जाळणारे असतात, ते काचेवर बरेचसे अडतात. दुसरे खोल जाणारे असतात, ते काचेतून बी येतात, ढगातून बी येतात."

"अन् तू वंदीले कोणत्याचं मलम देल्लं होतं?"

हा प्रश्न कधीतरी येणारच होता. मी खाली पाहत सांगितलं. ते मलम या दोघांसाठी होतं. आकडा तर मुख्यतः जाळणाऱ्या किरणांचाच असतो. पण उन्हात तिसरंही काही असतं: आपल्या डोळ्यांना दिसतो तो साधा उजेड. त्यातला निळा-जांभळा भाग आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर वांग गडद करतो. ते मलम चेहऱ्यावर दिसू नये म्हणून इतकं बारीक दळलेलं होतं की लावल्यावर पारदर्शक व्हायचं. दिसणारा उजेड त्यातून सरळ आत जात होता. तो अडवायला त्यात लोहाची ऑक्साइडं लागतात, तांबडं, पिवळं, काळं.

बाबांनी खिडकीच्या काचेवर बोट टेकवलं. मग म्हणाले, "पातळ चुना मारला होता म्हन ना. खालची भिंत दिसून राह्यली, तं झाकलं कुठी?"

ही गोष्ट समजायला मला प्रयोगशाळेत महिना लागला होता. मॅडमनी दिव्यासमोर काचपट्ट्या धरून शिकवली होती. बाबांनी ती एका वाक्यात सांगितली, आणि मला हसू आलं.

"अन् हे तांबडं-पिवळं ऑक्साइड म्हन्ते, थे आपल्या फरशीतलंच काय?"

"जात तीच. पण हे शुद्ध केलेलं असते. फरशीचं तोंडाले लावायचं नाई."

"मी कायले लावू?" बाबा म्हणाले. "माझं तोंड तं पैलेच फरशीवानी आहे."

आष्टीच्या पुलावरून वैनगंगा ओलांडली. पाणी एका कडेला सरकलं होतं आणि वाळू इतकी चमकत होती की डोळे मिटावे लागले. नदीच्या पलीकडे गडचिरोली जिल्हा.

आलापल्ली

आलापल्लीच्या सागाबद्दल मी शाळेपासून ऐकलं होतं. हिरव्यागार सावलीची कल्पना होती. पण मार्चमध्ये साग उघडा असतो. ते सरळ, उंच बुंधे रांगेनं उभे आणि खाली पानांचा थर. एकेक पान ताटाएवढं, पाय पडला की पापडासारखं मोडतं. सावली नाहीच. ऊन फांद्यांतून थेट जमिनीवर. तरी मला ते जंगल फार आवडलं. आपलं सगळं उतरवून ठेवून कुणी ताठ उभं राहावं तसं ते दिसत होतं.

ताई दारात उभी होती. घरातच, आमच्यासमोर, तोंडाला ओढणी बांधून.

"घरात कोणतं ऊन लागून राह्यलं तुले?" बाबांनी विचारलं.

"सवय झाली," ती म्हणाली आणि पाणी आणायला आत गेली.

जेवायला तांदळाची भाकर, लाखोळीची डाळ आणि सुक्या मासळीचा रस्सा होता. आमच्याकडे रस्सा पातळ असतो, ताई तो आता इकडच्यासारखा चिंच घालून दाट करते. बाबांनी दोनदा मागून घेतला. जेवताना ताईला ओढणी सोडावी लागली आणि मी वर्षभरानं तिचा चेहरा पाहिला. गालांवर दोन्ही बाजूंना, पंख पसरल्यासारखे, मी फोनवर कल्पिले होते त्याहून गडद डाग. मी ताटात पाहत जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नळ्या काढल्या. ताईनं नको म्हटलं नाही, हो पण म्हटलं नाही. फिकट नळीतलं बोटभर तिच्या हनुवटीखाली लावलं तर राख फासल्यासारखं दिसलं. मध्यम गुलाबी दिसत होतं. गडद जरा जास्तच तांबूस. तीन नळ्या बनवणाऱ्यांनी ताईला बहुतेक पाहिलंच नव्हतं.

"आण इकडे," बाबा म्हणाले. त्यांनी खिडकीजवळ जाऊन डाव्या हाताच्या मागच्या बाजूला गडद मलम घेतलं, त्यात मध्यम थोडं, पुन्हा गडद. करंगळीनं कालवलं. उजेडात धरलं, मान हलवली, आणखी एक थेंब घातला. भिंतीचा रंग जुळवताना ते असंच करतात. मी लहानपणी त्यांच्या बादलीशेजारी बसून हे पाहिलं आहे. थोड्या वेळानं त्यांच्या हातावरचं मलम दिसेनासं झालं. कातडी आणि मलम एकच.

"पन हा तं तुमचा रंग झाला," मी म्हणाले.

"मंग तिचा कोनाचा आहे?"

ताई हसली. आम्ही आल्यापासून पहिल्यांदा. बाबांच्या हातावरचं मलम मी तिच्या गालावर लावलं आणि ते खरंच तिचंच होतं. मी तिला माप दाखवलं: दोन बोटांच्या लांबीइतकं, चेहऱ्याला आणि मानेला, घाम पुसला की पुन्हा.

"एवढं?" ती म्हणाली. "मायबाई! हे तं माह्या महिन्याचं होते."

नळ्यांतलं आणखी मलम तसंच कालवून मी एका रिकाम्या डबीत भरून तिला दिलं.

दुपारी मी तिच्या मागे रोपवाटिकेत गेले. काळ्या पिशव्यांच्या रांगा, प्रत्येक पिशवीत बोटभर रोप. बारा बायका मातीत शेणखत कालवून पिशव्या भरत होत्या. सगळ्यांत वयानं मोठी रुक्मीबाई, माडिया आदिवासी बाई, कपाळावर गोंदण. मी जोहार केला तशी तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहून घेतलं.

"हेच का वंदीची डाक्टर बहीन?"

"डॉक्टर नाई, बाई. औषधं बनवाचं शिकते."

"बेस. बनव." एवढं बोलून ती पिशव्यांकडे वळली.

ताईचे हात पाहत राहावेत असे चालतात. माती, खत, दाब, बी, पुढची पिशवी. कोणत्या रोपाला पाणी जास्त झालंय, हे ती पान न उचलता सांगते. तिला मुकादम का करत आहेत, ते पाच मिनिटांत कळलं. पण तिच्या तोंडाला ओढणी होतीच, आणि घाम पुसायला ती सोडली तेव्हा खाली चेहरा धुतलेला, कोरा. सकाळचं मलम गायब. मी एक पिशवी भरायला घेतली. विचारायचा धीर झाला नाही.

त्या दिवशी बाजार होता. सूर्य कलल्यावर आम्ही निघालो. मोहफुलांचे ढीग, बांबूच्या टोपल्या, सुक्या झिंग्यांचा वास, तेलुगूत भाव सांगणारी सिरोंच्याकडची मिरचीवाली. आणि ताई ओढणीशिवाय! चेहऱ्यावर मलम अगदी नीट बसलेलं, डाग जवळजवळ दिसत नव्हते. मला आनंद झाला. तोच समोरून रोपवाटिकेतल्या तीन बायका आल्या. तिघींच्या चेहऱ्यावर तेच मलम, ताईच्या रंगाचं. एक ताईहून गोरी, तिचा चेहरा भाजल्यासारखा. दुसरी काळीसावळी, तिचा धुळीतून आल्यासारखा.

रुक्मीबाईनं त्यांना पाहिलं आणि टोपली खाली ठेवून हसत सुटली. "अवो, सगळ्या एकाच मायच्या पोरी दिसून राह्यल्या!"

"ताई, हे सकाळी लावाचं होतं," मी म्हणाले. "उन्हात."

"उन्हात?" ताईला खरंच नवल वाटलं. "चांगली वस्तू कामावर कोन घालते? घामानं वाया जाते. बाजारात चार लोक पायतात."

यात हसण्यासारखं काही नाही, हे मला तेव्हाच कळलं. आमच्या घरीही चांगली साडी, चांगला साबण बाहेर जाण्यासाठीच राखून ठेवतात. पण खरं सांगते, त्या क्षणी माझ्या मनात वेगळंच आलं. मला हलकं वाटलं. म्हणजे मागच्या नळीचंही असंच झालं असेल! तिनं ती उन्हात लावलीच नसेल, आणि डाग वाढण्यात माझी चूक नसेल.

"मांगच्या वेळेस बी बाजारालेच लावत होती का?" मी विचारलं.

"नाई वो." ताई मिरच्या निवडत होती. "तवा तू सांगतलं तसं रोज लावलं. सकाळी अन् दुपारी, कामावर. एक दिवस नाई सोडला. मनून तं आता उन्हात लावाची हिंमत नाई होत."

मिरचीवाली वजन करत होती. मी पिशवीचं तोंड धरून उभी राहिले.

भामरागड

भामरागडला पावसाळ्यात पूर आला की रस्ता तुटतो, म्हणून तिकडच्या छोट्या रोपवाटिकेसाठी रोपं उन्हाळ्यातच नेऊन ठेवतात. गुरुवारी ती पोचवायची पाळी ताईची होती. टेम्पोत पुढे ड्रायव्हरशेजारी बाबा बसले, मागे रोपांमध्ये आम्ही दोघी. वाटेत घरांच्या भिंती खालच्या अंगाला गेरूनं सारवलेल्या, वर पांढऱ्या मातीचा पट्टा. एका ठिकाणी उतरलो तेव्हा घरच्या बाईनं न विचारताच कोसरी या भरडधान्याची पेज दिली. आमच्याकडे पाहुण्याला आधी चहा विचारतात. इथे उन्हातून आलेल्याला आधी पेज. मला हे जास्त शहाणपणाचं वाटलं.

भामरागडला रोपं उतरवल्यावर ताईनं आम्हाला नदीवर नेलं. तीन नद्या तिथे भेटतात. पलीकडे छत्तीसगडचं जंगल, निळसर, आणि मधे काळे खडक आणि पाणी. एवढं पाणी, एवढी शांतता मी एका ठिकाणी पाहिली नव्हती. बाबा पाण्यात पाय सोडून दगडावर बसले. दूर होते, ऐकू जाणार नव्हतं.

"ताई," मी म्हणाले, "तुझे डाग माह्यामुळं वाढले."

तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"थे मलम चुकीचं होतं. खराब नव्हतं, पन तुह्यासाठी नव्हतं. मी नुसता नळीवरचा आकडा वाचला. दिसनारा उजेड त्यातून आत जात होता. तुले वाटलं आपुन झाकलं आहे, मनून तू ओढणी बी बांधत नव्हती तवा. मले मागून कळलं."

"मागून म्हंजे कवा?"

"दिवाळीत."

"अन् सांगून राह्यली आता?" ताईचा आवाज चढला. "आरशासमोर उभी राहून मी माह्यालेच बोलत होती, माहीत आहे का? का आपलीच कातडी खराब. शिकलेल्या बहिनीनं देल्लं, तं थे कसं खराब राहीन? मले वाटलं तुले सगळं मालूम असते!"

"मले बी तसंच वाटत होतं," मी म्हणाले. मला रडू येत होतं, पण रडले असते तर तिनंच मला समजावलं असतं, म्हणून मी नाही रडले.

ताई उठली आणि पाण्यापर्यंत जाऊन उभी राहिली. मग तिनं तोंडावरची ओढणी सोडली, दोन्ही हातांत ताणून डोळ्यांसमोर धरली.

"शितू."

"हं?"

"ह्यातून नदी दिसून राह्यली."

मला आधी कळलं नाही. मग कळलं. काल रात्री जेवताना बाबांनी पातळ चुन्याची गोष्ट तिलाही ऐकवली होती.

"मंग ही बी पातळच," ती म्हणाली. "वर्षभर हेच बांधून फिरली मी." तिनं ओढणी खांद्यावर टाकली. "डाग जातीन का?"

"पुसून नाई जानार. वाढाचे थांबतीन. कदाचित हळूहळू फिके होतीन. चंद्रपुरात कातडीच्या डॉक्टरले दाखवू. मी येईन सोबत. या वेळेस मले जेवढं माहीत आहे तेवढंच सांगून राह्यली."

तिची पिशवी माझ्या खांद्यावर होती; तिनं हात पुढे केला. "दे डबी."

दोन बोटं, भरून. तिनं स्वतःच मापली. आरसा नव्हता. कानाजवळ एक रेघ राहिली होती, ती मी बोटानं पसरवली. वाळूवरून, पाण्यावरून, वरून, सगळीकडून ऊन येत होतं. ताईनं ओढणी फक्त डोक्यावर घेतली, तोंड उघडं ठेवलं आणि बाबांना हाक मारली, "चाला, टेम्पोवाला वाट पाहून राह्यला!"

परत आलापल्ली

शुक्रवारी सकाळी ताई घरातूनच दोन बोटं मलम लावून निघाली. रोपवाटिकेच्या फाटकात थांबून ती म्हणाली, "फोटो काढून येते, बाई."

रुक्मीबाईनं तिचा चेहरा पाहिला. "भिंत सारवून चालली का वो? आमच्या घरचा गेरू घेऊन जाय ना, फुकटचा आहे."

"त्यात काय काय मिसळलेलं असते कोनाले माहीत," ताई म्हणाली. "हे धुऊन-गाळून घेतलेलं आहे. अन् सगळ्यांचा रंग अलग. तुमाले पाह्यजे तं बाबा तुमचा बी कालवून देतीन."

तिनं हे माझ्याकडे न पाहता सांगितलं. मला वाटतं परीक्षेत पहिली आले असते तरी एवढं बरं वाटलं नसतं.

बाबा तिथेच थांबले. मागे वळून पाहिलं तर ते रुक्मीबाईच्या हाताशेजारी आपला हात धरून रंग पाहत होते, आणि बाकीच्या बायका हसत होत्या.

फोटोचं दुकान एका खोलीचं. मागे निळा पडदा, दोन दिवे. फोटो काढणारा भला माणूस होता. तो म्हणाला, "ताई, गोरा करून देऊ का? कॉम्प्युटरवर होते."

"नाई," ताई म्हणाली. "पानी आहे का?"

कोपऱ्यात माठ होता. तिनं ओंजळभर पाणी घेतलं आणि चेहरा चोळून धुतला. सगळं मलम गेलं. ओढणीच्या टोकानं तोंड पुसलं, आणि डाग जसेच्या तसे वर आले.

"ताई, काऊन?" मी घाबरून म्हणाले. "फोटोत दिसतीन ना."

"दिसू दे. चंद्रपुरात मी समोर उभी राहीन तवा त्याईले मीच दिसली पाह्यजे." ती स्टुलावर बसली, खांदे सरळ केले. "अन् हे तं उन्हाचं आहे ना? इथी ऊन कुठी आहे?"

फोटो निघाला. तो माझ्या मोबाइलमध्ये आहे. त्यात ताई थेट पाहते आहे, केसांची एक बट ओली, गालांवर दोन्ही पंख.

फोटोचे कागद घेऊन आम्ही दाराशी आलो; मलमाची डबी माझ्या पिशवीत होती. बाहेर रस्ता पांढरा झाला होता. दुकानाच्या पायरीवर सावली संपत होती, तिथे ताई थांबली, उन्हात पाय टाकला नाही. फोटो माझ्या हातात दिला आणि दोन बोटं जोडून माझ्यापुढे धरली.

"भर," ती म्हणाली.